उबुंटूवर ‘/बूट’ पुन्हा पुन्हा भरून ॲप्ट अडकते तेव्हा: तात्पुरती सोडवणूक आणि मूळ कारणाचा शोध

उबुंटू या लिनक्स प्रणालीवर चालणाऱ्या संगणकात, सॉफ्टवेअर बसवणाऱ्या व अद्ययावत करणाऱ्या ॲप्ट या साधनाला दिलेली ‘सुडो ॲप्ट अपग्रेड’ ही आज्ञा एरवी काही मिनिटांत पार पडते. पण एखाद्या दिवशी ती अगदी शेवटाला येऊन ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ अशी तक्रार करून थांबते आणि त्यानंतर कोणतेही पॅकेज, म्हणजे सॉफ्टवेअरचा गठ्ठा, बसवायला गेले तरी तीच रड ऐकू येते. मुख्य डिस्कवर भरपूर जागा मोकळी असल्याने ही तक्रार खोटी वाटते, परंतु ती खरी असते. ती मुख्य डिस्कबद्दल नसून ‘/बूट’ या वेगळ्या, छोट्या विभाजनाबद्दल असते. जागा करून दिली की काम चालू होते, दोन-तीन महिने बरे जातात आणि पुन्हा तोच प्रकार घडतो. या लेखात अडकलेले ॲप्ट सोडवण्याची रीत दिली आहेच, पण अधिक भर ते पुन्हा का अडकते यावर आहे, कारण मी स्वतः तीन वेळा केवळ जागा करून दिली होती आणि कारण मात्र चौथ्या वेळी शोधले.

येथे आज्ञा उच्चारानुसार देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या नेहमीप्रमाणे रोमन लिपीतील लहान अक्षरांत टंकाव्यात आणि उणे चिन्हे, तिरप्या रेघा व टिंबे जशी आहेत तशीच ठेवावीत. आवृत्तींचे क्रमांक माझ्या यंत्रावरचे आहेत, तेथे आपापले क्रमांक घालावेत.

‘/बूट’ वेगळे असते ते मुख्यतः उबुंटू बसवताना संपूर्ण डिस्क कूटबद्ध करण्याचा पर्याय निवडलेल्या संगणकांवर. कुलूपबंद डिस्क उघडण्यासाठी पासवर्ड विचारणारी प्रणाली आधी सुरू व्हावी लागते, म्हणून कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, आणि त्याच्या सोबतची प्रारंभिक फाइल-प्रतिमा, म्हणजे इनिटआरडी, कुलपाबाहेर ठेवली जाते. माझे यंत्र १८.०४ या आवृत्तीच्या वेळी बसवलेले आणि पुढे २०.०४, मग २२.०४ असे चढवत नेलेले आहे. त्यामुळे त्या काळी आखलेले साधारण ७०० एमबीचे ‘/बूट’ आजही तेवढेच आहे, इनिटआरडी मात्र दर आवृत्तीला फुगत गेली. नव्याने बसवलेल्या २२.०४ मध्ये हे विभाजन पावणेदोन जीबीच्या आसपास असते, त्यामुळे तेथे ही अडचण उशिरा येते. येतच नाही असे मात्र नाही.

प्रथम खात्री करून घ्यावी.

डीएफ -एच /बूट
एलएस -एलएचएस /बूट
यूनेम -आर

दुसऱ्या आज्ञेतील पर्यायांपैकी शेवटचा ‘एस’ तेवढा मोठ्या (कॅपिटल) अक्षरातला आहे; तो फाइली आकारमानानुसार लावतो. ‘/बूट/ईएफआय’ नावाचे आणखी एक विभाजन यादीत दिसते, त्याचा या अडचणीशी संबंध नाही आणि त्यातले काहीही पुसू नये. माझ्याकडे एका कर्नलचा हिशेब असा होता: कर्नलची मुख्य फाइल सुमारे ११ एमबी, सिस्टिम-मॅप ६ एमबी, कॉन्फिग पाव एमबी आणि इनिटआरडी ११० एमबी. म्हणजे एका कर्नलमागे सव्वाशेहून अधिक एमबी जातात आणि पाच कर्नल साठले की सहाव्यासाठी जागा उरत नाही. त्यातच, आहे ती इनिटआरडी नव्याने घडवायची असली तरी जुनी पुसण्याआधी नवी प्रत शेजारी ‘.न्यू’ या शेपटीने लिहिली जाते. त्यामुळे तेवढी जागा क्षणभर का होईना, दुप्पट लागते.

तिसऱ्या आज्ञेचे उत्तर कागदावर लिहून ठेवावे. सध्या ज्या कर्नलवर यंत्र चालू आहे त्याला पुढच्या कोणत्याही पायरीत हात लावायचा नाही.

आणखी एक इशारा येथेच देतो, कारण नंतर दिला तर उशीर होईल. अपग्रेड असे अर्धवट राहिले असताना यंत्र ‘बंद करून पुन्हा चालू करून पाहू’ म्हणू नये. नव्या कर्नलची मुख्य फाइल ‘/बूट’मध्ये पोहोचलेली असते, पण त्याची इनिटआरडी घडलेली नसते, आणि ग्रबच्या, म्हणजे यंत्र सुरू होताना कर्नल निवडणाऱ्या प्रोग्रामच्या, यादीत तो कर्नल आला असेल, तर सर्वांत नवा म्हणून तोच आपोआप निवडला जातो. मग ‘अनेबल टू माउंट रूट एफएस’ असा संदेश देऊन कर्नल पॅनिक होते आणि पासवर्ड विचारण्यापर्यंतही गाडी जात नाही. असे आधीच झाले असेल तर घाबरू नये: यंत्र चालू होताना शिफ्ट किंवा, यूईएफआय (नव्या प्रकारचे फर्मवेअर) असल्यास, एस्केप ही कळ दाबून ग्रबची यादी उघडावी, ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ मध्ये जाऊन आधीचा कर्नल निवडावा आणि तेथून पुढील दुरुस्ती करावी.

आता सोडवणूक. पहिला प्रयत्न सर्वांत सोपा करावा.

सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह --पर्ज

कधी कधी एवढ्यावरच काम भागते. बहुधा मात्र भागत नाही, कारण अर्धवट राहिलेले पॅकेज आधी पूर्ण करावे असा ॲप्टचा आग्रह असतो. ते पूर्ण करायला इनिटआरडी घडवावी लागते. ती घडवायला जागा लागते. आणि जागा करण्यासाठीच तर आपण ॲप्टला बोलावलेले असते. ‘ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’ करून पाहा, अशी सूचना तेच देते, परंतु ही आज्ञाही पुष्कळदा नवा कर्नल उतरवायला निघते आणि त्याच भिंतीवर आपटते. या चक्रातून बाहेर पडण्यासाठी ॲप्टला बाजूला ठेवून त्याच्या खालच्या थरातील डीपीकेजीला थेट सांगावे लागते, कारण डीपीकेजी दिलेले पॅकेज काढते आणि इतरांची अवस्था सुधारण्याच्या भानगडीत पडत नाही.

डीपीकेजी -एल | ग्रेप लिनक्स-इमेज

या यादीच्या पहिल्या स्तंभात ‘आयआय’ म्हणजे नीट बसलेले, ‘आयएफ’ म्हणजे मांडणी अर्धवट राहिलेले, ‘आययू’ म्हणजे केवळ उलगडून ठेवलेले आणि ‘आरसी’ म्हणजे काढून टाकलेले पण मांडणीच्या फाइली मागे राहिलेले. ‘आरसी’ ओळींची लांबलचक रांग पाहून पुष्कळ जण त्यांच्या मागे लागतात. त्या साफ केल्याने ‘/बूट’मध्ये काहीही मोकळे होत नाही. आपल्याला हवा आहे ‘आयआय’ अवस्थेतील सर्वांत जुना कर्नल, जो सध्या चालू नाही. माझ्याकडे ९२ क्रमांकाचा चालू होता, ९४ अर्धवट अडकला होता आणि ८८ सर्वांत जुना होता. म्हणून:

सुडो डीपीकेजी --पर्ज लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा-५.१५.०-८८-जेनेरिक लिनक्स-इमेज-५.१५.०-८८-जेनेरिक लिनक्स-मॉड्यूल्स-५.१५.०-८८-जेनेरिक

तिन्ही नावे एकाच आज्ञेत द्यावीत, कारण ती एकमेकांवर अवलंबून असतात आणि एकेक करून काढायला गेल्यास डीपीकेजी नकार देते. एनव्हिडियाच्या तयार मॉड्यूलसारखे चौथे पॅकेज त्या कर्नलवर अवलंबून असेल, तर नकाराच्या संदेशातच त्याचे नाव येते. तेही त्याच ओळीत जोडावे. कर्नल काढताना त्याची इनिटआरडी आपोआप पुसली जाते आणि ग्रबची यादीही नव्याने लिहिली जाते. चुकून चालू कर्नलचे नाव दिले गेल्यास पडद्यावर ठसठशीत इशारा येतो. तेथे काढणे रद्द करावे.

‘/बूट’ इतके काठोकाठ भरलेले असेल की हेही अडते, तर जुन्या कर्नलची इनिटआरडी तात्पुरती दुसरीकडे हलवावी.

सुडो एमव्ही /बूट/इनिटआरडी.आयएमजी-५.१५.०-८८-जेनेरिक /रूट/

मग वरची पर्जची आज्ञा चालवावी आणि सर्व सुरळीत झाल्यावर हलवलेली फाइल पुसावी. ‘आरएम’ने ‘/बूट’मधील फाइली थेट पुसून मोकळे होण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मी देणार नाही. फाइल गेली तरी डीपीकेजीच्या नोंदीत ते पॅकेज बसवलेलेच राहते, त्याची मॉड्यूल्स (ड्रायव्हर वगैरेंच्या फाइली) मुख्य डिस्कवर जागा अडवून बसतात आणि नोंद व वस्तुस्थिती यांची फारकत पुढे भलत्याच ठिकाणी त्रास देते. याला अपवाद दोनच: अर्धवट राहिलेल्या ‘.न्यू’ शेपटीच्या फाइली आणि जुन्या डीकेएमएसने (नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर आपोआप पुन्हा घडवणारे साधन) मागे ठेवलेल्या ‘.ओल्ड-डीकेएमएस’ शेपटीच्या इनिटआरडी प्रती. या कोणत्याही पॅकेजच्या मालकीच्या नसतात, त्यामुळे त्यांना कोणी आपोआप काढतही नाही, १८.०४ पासून चढत आलेल्या यंत्रांवर अशी एखादी प्रत वर्षानुवर्षे पडून असलेली सापडते.

जागा झाल्यावर पुढील तीन आज्ञा याच क्रमाने द्याव्यात.

सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए
सुडो ॲप्ट -एफ इन्स्टॉल
सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह --पर्ज

या वेळी ‘/व्हार/लिब/डीपीकेजी/लॉक-फ्रंटएंड’ हे कुलूप मिळत नाही असे उत्तर आले, तर पार्श्वभूमीवर आपोआप होणारे अपडेट चालू आहे असे समजून थांबावे. कुलपाची फाइल पुसू नये.

येथपर्यंतचा भाग मी तीन वेळा, दर वेळी अधिक सफाईने केला. चौथ्या वेळी मात्र एक साधा प्रश्न पडला. ऑटोरिमूव्ह नियमितपणे चालत असताना जुने कर्नल साठतातच कसे? ॲप्टचा नियम असा आहे की, सध्या चालू असलेला कर्नल, सर्वांत नवा आणि त्याच्या आधीचा, असे दोन-तीन कर्नल राखून बाकीचे अनावश्यक मानावेत. माझ्याकडे पाच होते आणि ऑटोरिमूव्ह ‘काढण्यासारखे काही नाही’ असे सांगत होते. म्हणजे कोणीतरी ॲप्टला सांगून ठेवले होते की हे हवे आहेत.

ॲप्ट प्रत्येक बसवलेल्या पॅकेजसोबत एक छोटी खूण ठेवते: हे वापरकर्त्याने मागितले म्हणून आले की दुसऱ्या कशाची गरज म्हणून आपोआप आले. ऑटोरिमूव्ह केवळ आपोआप आलेल्यांना, आणि त्यांतही ज्यांची आता कोणाला गरज उरलेली नाही अशांनाच हात लावते. मागून घेतलेले पॅकेज ते कधीही काढत नाही आणि ते ज्या पॅकेजवर अवलंबून आहे तेही काढत नाही. ही खूण पाहण्याची आज्ञा:

ॲप्ट-मार्क शोमॅन्युअल | ग्रेप लिनक्स-

या यादीत ‘लिनक्स-जेनेरिक’ यांसारखी, आवृत्तीचा क्रमांक नसलेली नावे दिसणे योग्यच आहे. क्रमांक असलेले प्रत्येक नाव मात्र संशयित समजावे. माझ्या यादीत ‘लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा’ आणि ‘लिनक्स-हेडर्स’ (ड्रायव्हर घडवताना लागणाऱ्या फाइली) ही दोन नावे पाचही क्रमांकांसह दाटीने उभी होती. मॉड्यूल्स-एक्स्ट्रा हे पॅकेज त्याच क्रमांकाच्या लिनक्स-इमेजवर अवलंबून असते, त्यामुळे ते मागितलेले ठरले की तो कर्नलही अढळपदी बसतो. कोणामुळे कोण अडकले आहे हे पुढील आज्ञेने पडताळता येते.

ॲप्ट आरडिपेंड्स --इन्स्टॉल्ड लिनक्स-इमेज-५.१५.०-८९-जेनेरिक

आता ही मागणी केली कोणी, याचे उत्तर ॲप्टच्या रोजकीर्दीत मिळाले. ‘/व्हार/लॉग/ॲप्ट/हिस्टरी.लॉग’ या फाइलीत प्रत्येक व्यवहाराची तारीख, दिलेली पूर्ण आज्ञा आणि बसलेल्या पॅकेजांची नावे असतात. जे पॅकेज आपोआप आले त्याच्या आवृत्तीपुढे ‘ऑटोमॅटिक’ असा शब्द असतो. जुन्या महिन्यांच्या फाइली दाबून ठेवलेल्या असतात, त्यांतही शोधण्यासाठी ‘झेडग्रेप’ वापरावे.

झेडग्रेप कमांडलाइन /व्हार/लॉग/ॲप्ट/हिस्टरी.लॉग*

या आज्ञेत ‘कमांडलाइन’ मधील ‘सी’ हे पहिले अक्षर मोठे (कॅपिटल) द्यावे लागते. उत्तरात महिन्यामागून महिने एकच ओळ येत होती आणि ती माझीच होती. एका यूएसबी वायफाय उपकरणाचा ड्रायव्हर मी स्वतः संकलित (कम्पाइल) करून वापरत असे. कर्नल बदलला की तो पुन्हा संकलित करावा लागे. त्यासाठी लिहिलेल्या छोट्या स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘ॲप्ट इन्स्टॉल’ पुढे हेडर्स आणि मॉड्यूल्स-एक्स्ट्रा यांची नावे, त्यांना जोडून ‘यूनेम -आर’चे उत्तर, अशी ओळ होती. अशी ओळ ड्रायव्हर बसवण्याच्या असंख्य सूचनांत आढळते. ती पॅकेजे लिनक्स-जेनेरिकमुळे आधीच आलेली असत, म्हणून ॲप्ट नवीन काही उतरवत नसे. ते केवळ ‘सेट टू मॅन्युअली इन्स्टॉल्ड’ असे एक वाक्य छापत असे. सगळा घोळ त्या वाक्यात होता आणि मी ते कित्येकदा पडद्यावरून सरकताना पाहिले होते.

खुणा बदलण्याचे काम मिनिटाचे आहे.

सुडो ॲप्ट-मार्क ऑटो लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा-५.१५.०-८९-जेनेरिक लिनक्स-हेडर्स-५.१५.०-८९-जेनेरिक
ॲप्ट ऑटोरिमूव्ह -एस

क्रमांक असलेले प्रत्येक नाव पहिल्या आज्ञेत द्यावे, चालू कर्नलचेही; त्याला ॲप्ट त्याच्या नियमाने राखतेच. दुसरी आज्ञा काहीही न काढता केवळ काय काढले जाईल ते दाखवते. ती यादी वाचून पटल्यावर खरी आज्ञा द्यावी. क्रमांक नसलेल्या लिनक्स-जेनेरिकला मात्र ‘ऑटो’ करू नये, कारण नवे कर्नल येण्याचा मार्गच त्याच्यातून जातो. स्क्रिप्टमध्ये मी ‘यूनेम’ची ओळ काढून ‘लिनक्स-हेडर्स-जेनेरिक’ हे क्रमांकविरहित नाव घातले आणि पुढे तो ड्रायव्हर डीकेएमएसच्या ताब्यात दिला, त्यामुळे दर कर्नलनंतर स्क्रिप्ट चालवण्याची गरजच उरली नाही.

ज्यांच्या यादीत क्रमांकवाली नावे नाहीत आणि तरीही ‘/बूट’ भरते, त्यांनी पुढच्या दोन जागा तपासाव्यात. पहिली जागा म्हणजे कर्नलच्या दोन मालिका एकाच वेळी बसलेल्या असणे. २२.०४ मध्ये मूळ मालिका ५.१५ ची आहे आणि नव्या हार्डवेअरसाठीची, ‘एचडब्ल्यूई’ नावाची मालिका ६ च्या घरातील आहे. ‘लिनक्स-जेनेरिक’ आणि ‘लिनक्स-जेनेरिक-एचडब्ल्यूई-२२.०४’ ही दोन्ही पॅकेजे बसलेली असली की दोन्ही मालिकांचे नवे कर्नल येत राहतात आणि ते सगळेच गरजेचे ठरतात. ज्या मालिकेवर यंत्र चालते ती ठेवून दुसरीचे क्रमांकविरहित पॅकेज, त्याच्या इमेज व हेडर्स या जोडीदारांसह, काढावे; बाकीचे ऑटोरिमूव्ह उचलते.

दुसरी जागा म्हणजे आपोआप होणारी सुरक्षा-अपडेट. ‘/ईटीसी/ॲप्ट/ॲप्ट.कॉन्फ.डी/५०अनअटेंडेड-अपग्रेड्स’ या फाइलीत ‘रिमूव्ह-अनयूज्ड-कर्नल-पॅकेजेस’ ही ओळ ‘ट्रू’ आहे ना, एवढे पाहावे. ती कोणी बंद केली असेल तर कर्नल शांतपणे येत राहतात आणि जुने काढण्याचे काम माणसाच्या आठवणीवर उरते. महिनोन्‌महिने यंत्र पुन्हा सुरू न करण्याची सवयही हिशेबात धरावी, कारण तेव्हा एक बराच जुना कर्नल केवळ चालू आहे म्हणून जागा अडवून राहतो. ‘/व्हार/रन/रीबूट-रिक्वायर्ड’ ही फाइल अस्तित्वात असणे म्हणजे ती वेळ आलेली असणे.

एवढे करूनही तीन-चार कर्नल मावत नसतील, तर विभाजनच लहान आहे. ५०० एमबीच्या जुन्या आखणीत असे होते. कूटबद्ध डिस्कवर ‘/बूट’ वाढवणे हे जोखमीचे काम असल्याने मी आधी इनिटआरडी बारीक करण्याचा मार्ग घेईन. ‘/ईटीसी/इनिटरॅमएफएस-टूल्स/इनिटरॅमएफएस.कॉन्फ’ या फाइलीत ‘मॉड्यूल्स’ची किंमत ‘मोस्ट’ असते, म्हणजे जवळजवळ सगळ्या प्रकारच्या यंत्रांना लागणारे ड्रायव्हर भरले जातात. ती ‘डेप’ केली की याच यंत्राला लागणारे तेवढे भरले जातात आणि आकार बराच उतरतो. डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला लावण्याचा विचार असेल, तर हा बदल करू नये, कारण तेथे ती सुरू होईलच असे नाही. केवळ ‘कॉम्प्रेस’ची किंमत ‘झेडएसटीडी’ऐवजी ‘एक्सझेड’ करणे हा त्याहून निर्धोक पर्याय आहे. त्यात फाइल लहान होते, पण घडवायला आणि सुरू व्हायला अधिक वेळ लागतो. बदल कोणताही असो, तो आधी एकाच कर्नलवर करून पाहावा.

सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ५.१५.०-९४-जेनेरिक

यंत्र त्या कर्नलवर नीट सुरू झाले, पासवर्ड विचारला गेला आणि डिस्क उघडली, याची खात्री होईपर्यंत आधीच्या कर्नलची जुनी, जाड इनिटआरडी तशीच राहू द्यावी.